हिरड्यांची कागाळी

दात दुखणारं गिऱ्हाईक औषधाच्या दुकानात लगेच ओळखू येतं. एक हात गालावर असतो आणि दुसऱ्या हातात चिठ्ठी नसते. ताप आला, पोट बिघडलं, छातीत कळ आली की माणूस आधी डॉक्टरकडे जातो आणि मग आमच्याकडे येतो. दाताच्या बाबतीत हा क्रम उलटा. आधी मेडिकल, मग लवंगेचं तेल, मग शेजारच्या काकूंनी सांगितलेली तुरटी, मग पुन्हा मेडिकल, आणि गाल सुजून डोळा मिटायला लागला की शेवटी डेंटिस्ट. बेळगावात शहापूरच्या बाजूला आमचं दुकान आहे. "अक्का, दाताची गोळी दे की एक," हे वाक्य तिथं रोजचं. दाताची अशी वेगळी गोळी नसते हे समजावण्यात माझी निम्मी संध्याकाळ जाते.

याच गिऱ्हाइकांची दुसरी चिठ्ठीही माझ्याकडेच येते. थायरॉइडची गोळी, शुगरची गोळी, लोह आणि कॅल्शियम, पाळी नियमित करायची गोळी, पाळी पुढं ढकलायची गोळी (गणपतीच्या आधी हिचा खप विचारू नका), हाडांचं औषध. दोन्ही औषधं एकाच बाईच्या एकाच पिशवीत जातात. पण दाताच्या डॉक्टरला तिची शुगर ठाऊक नसते आणि शुगरच्या डॉक्टरनं तिच्या हिरड्या बघितलेल्या नसतात. 'आ' करायला लावतात ते घशासाठी. बॅटरीचा उजेड हिरड्यांवरून घसरतो आणि थेट पडजिभेवर जाऊन थांबतो.

तोंडाचं आणि हार्मोन्सचं नातं आहे, चांगलंच जवळचं आहे. पण आमच्याकडे त्याचे दोन अर्थ लावतात आणि मला दोन्ही पटत नाहीत. जुना अर्थ असा की पोटातलं पोर आईचे दात खातं, तेव्हा एका बाळंतपणामागं एखादा दात गेला तर त्याचं काय एवढं. नवा अर्थ मोबाइलवरून आलेला: 'हार्मोनल इम्बॅलन्स'. केस गळतात, चिडचिड होते, तोंडाला वास येतो, सगळ्याला हाच एक धनी. जुन्यात पोराच्या माथी, नव्यात हार्मोनच्या माथी. दोन्हीकडे ब्रशचं नाव कुणी काढत नाही.

माझ्या बहिणीची मुलगी खानापूर तालुक्यात दिलीय, जंगलाच्या अंगाला. पहिलटकरीण. चौथ्या महिन्यात माहेरी आली ती दुकानात येऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मावशी, दात घासताना रक्त यायलंय गं. बेसिन लाल होतंय." मग घाबरून तिनं ब्रश सोडला होता. सासूनं मायेनंच राखुंडी दिली होती, बोटानं हळू लाव म्हणून. त्यानं रक्त कमी व्हायच्या जागी वाढलं होतं. हिरड्या दातांच्या मधे लाल मण्यांसारख्या फुगल्या होत्या. तिला वाटत होतं की अंगात रक्त कमी आहे, त्यातलं हे आणखी वाया चाललंय.

ही काही तिच्या एकटीची गोष्ट नव्हे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा अंदाज आहे की १०० गरोदर बायकांपैकी ६० ते ७५ जणींच्या हिरड्या अशा सुजतात. कारण असं की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स नुसती गर्भाशयातच काम करतात असं नाही. त्यांना ओळखणाऱ्या पेशी हिरडीतही असतात. गरोदरपणात ही दोन्ही हार्मोन्स कित्येक पटींनी वाढतात. प्रोजेस्टेरॉननं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाझरायला लागतात, त्यामुळे दातांवरचा एरवी सहज खपून गेला असता एवढासा मळही हिरडी लाल करतो. त्यात आणखी एक गंमत आहे. हिरडीखाली राहणाऱ्या काही जिवाणूंना वाढीसाठी के जीवनसत्त्वासारखा एक पदार्थ लागतो. तो नसला तर हे बेटे आईची हार्मोन्सच त्या जागी वापरतात. कॉर्नमन आणि लोएश या दोघा संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे दाखवलं. म्हणजे गरोदर बाईच्या तोंडात त्यांना आयतं जेवण मिळतं.

एवढंच वाचून कुणी पान मिटलं तर तो म्हणेल, बघा, हार्मोनचाच दोष. इथंच मला थांबवावंसं वाटतं. हाराल्ड लोए नावाचा नॉर्वेचा एक दंतवैद्य होता. त्यानं आणि सिल्नेस या सहकाऱ्यानं १९६३ साली गरोदर बायकांच्या हिरड्यांचा अभ्यास छापला. दुसऱ्या महिन्यापासून सूज चढत जाते, आठव्या महिन्यात सगळ्यात जास्त असते आणि बाळंतपणानंतर उतरते, असं त्यात दिसलं. पुढं दोन वर्षांनी, १९६५ साली, याच लोएनं डेन्मार्कमधल्या आर्हुस इथं वेगळाच उद्योग केला. १२ धडधाकट माणसांना, त्यातले बरेचसे दंतवैद्यकाचे विद्यार्थीच, त्यानं दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत झाडून सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासायला सुरुवात केल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या. या मंडळींपैकी कुणी गरोदर नव्हतं, कुणाची हार्मोन्स इकडची तिकडं झाली नव्हती. फक्त दातांवर मळ साठला होता.

हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की गोष्ट उघड होते. आमच्या गल्लीच्या गणेशोत्सव मंडळात गाणं लावणारा एक असतो आणि आवाज वाढवणारा दुसरा. हार्मोन्स आवाज वाढवतात. गाणं मळानं लावलेलं असतं. आवाजाचं बटण नऊ महिने आपल्या हातात नाही, हे खरं. पण गाणं बंद करता येतं.

भाचीला मी मऊ ब्रश दिला. रक्त आलं तरी दोन वेळा घासायचं, हिरडीच्या कडेला ब्रश थोडा तिरका धरून, असं सांगितलं. तिला हे विचित्र वाटलं. जखम झाली की हात लावू नये हीच तर आपली शिकवण. पण हिरडीचं रक्त हे जखमेचं नसून मळाविरुद्धच्या कागाळीचं असतं, आणि मळ निघाल्याशिवाय ती थांबत नाही.

आता पोर दात खातं त्याविषयी. बाळाच्या हाडांना कॅल्शियम लागतं हे खरंच, आणि आईच्या खाण्यात ते कमी पडलं तर शरीर ते आईच्या हाडांतून काढतं. दातांतून नाही. एकदा तयार झालेल्या दातातलं कॅल्शियम रक्तात परत येण्याची सोयच शरीरात नाही. पण म्हणून आज्जीबाईंचं निरीक्षण खोटं म्हणू नये. बाळंतपणात दात किडतात, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं आहे. फक्त आरोपी वेगळा आहे. पहिले तीन-चार महिने उलट्या होतात, पोटातलं आम्ल दातांवर येतं. डोहाळे चिंचेचे, आवळ्याचे, कैरीचे. पोट रिकामं ठेवायचं नाही म्हणून दर तासाला बिस्कीट, खारी, लाडू. ब्रश तोंडात घातला की उमळून येतं म्हणून घासणं अर्धवट. एवढं सगळं नऊ महिने चाललं तर पोराला दात खायला वेळ तरी कुठं मिळणार? उलटी झाली की लगेच ब्रश करू नये, आम्लानं मऊ झालेलं दातांचं वरचं कवच घासलं जातं. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून चूळ भरावी आणि अर्ध्या तासानं घासावं. हे सांगायला पैसे पडत नाहीत, पण तपासणीच्या रांगेत ते कुणी सांगितल्याचं एकही गिऱ्हाईक मला आजवर म्हणालेलं नाही.

भाचीच्या जावेचा किस्सा त्याहून बिकट होता. तिच्या पुढच्या दोन दातांमधे सहाव्या महिन्यात लालभडक गाठ आली, बोराएवढी, जरा लागलं की रक्त. घरात कुणी तोंडानं कॅन्सर हा शब्द उच्चारला नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच. अशा गाठीला डॉक्टरी भाषेत गरोदरपणातला ट्यूमर म्हणतात, हे नावच मुळात वाईट. तो कॅन्सर नसतो. सूज, मळ आणि हार्मोन्स यांच्या मेळानं वाढलेलं ते मांस असतं आणि बाळंतपणानंतर बहुधा आपसूक आक्रसतं. खाताना आडवं आलं किंवा रक्त फारच यायला लागलं तर काढतात. डॉक्टरला दाखवायचं मात्र नक्की, कारण गाठ कसली आहे ते तोंडात बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही.

गरोदर बाई दातदुखी घेऊन काउंटरवर आली की मला खरी धास्ती वाटते. इतर कुणाला मी चार गोष्टी सांगून एखादी गोळी देईन. हिला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्या देऊन चालत नाही, विशेषतः पाचव्या महिन्यापुढं, बाळाच्या मूत्रपिंडावर आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर परिणाम होतो. डॉक्सिसायक्लिनच्या जातीची अँटिबायोटिकं बाळाच्या दातांवर कायमचे डाग पाडतात. पॅरासिटामॉल चालतं, पण त्यानं किडलेला दात बरा होत नाही. म्हणून मी डेंटिस्टकडे पाठवते. तो म्हणतो, आधी बाईंच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा. बाईंच्या डॉक्टर म्हणतात, बाळंतपण होऊ दे, मग बघू. मग बाळंतपण होतं आणि सव्वा महिना उंबऱ्याबाहेर जायचं नसतं, शेक, शेगडी, कानाला फडकं. त्यानंतर तान्हं बाळ कुणाकडे ठेवणार? दात तोवर मुळापर्यंत गेलेला असतो. वास्तविक चौथ्या ते सहाव्या महिन्यात साफसफाई, सिमेंट भरणं, गरज पडली तर दात काढणंसुद्धा निर्धास्त करता येतं. बधिर करायचं लिग्नोकेनचं इंजेक्शन चालतं. नड असेल तर शिशाचा अॅप्रन घालून एक्स-रेही चालतो. पिकलेला दात तोंडात ठेवून नऊ महिने काढणं हे त्या इंजेक्शनपेक्षा कितीतरी वाईट.

इथं एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी, कारण ती हल्ली फार फिरते. हिरड्या बिघडल्या की बाळ कमी दिवसांचं होतं, अशी. या म्हणण्यामागं तर्क आहे. सुजलेल्या हिरडीतून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं निघतात, ती हार्मोन्सच्या सख्ख्या भाऊबंदांतली, आणि गर्भाशय आकुंचन पावतं त्यातही त्यांचा हात असतो. प्रोस्टाग्लँडिनचं सामर्थ्य किती ते आम्हा बेळगावकरांना लांबून ऐकायची गरज नाही. मिसोप्रोस्टॉल ही त्याच घराण्यातली गोळी, बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव थांबवते का, याची मोठी चाचणी आमच्याच जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत, नर्सबाईंच्या हातून, १६२० बायकांवर झाली आणि २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. १०० पैकी १२ जणींना होणारा अतिरक्तस्राव ६ च्या आसपास आला. एवढीशी गोळी, तोंडानं घ्यायची. तर हिरडीतल्या प्रोस्टाग्लँडिननं कळा लवकर येत असतील असं वाटणं साहजिक आहे, आणि हिरड्या खराब असलेल्या बायकांत कमी दिवसांची बाळंतपणं जास्त दिसतातही. पण त्याच २००६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत गरोदर बायकांच्या हिरड्या साफ करून पाहिल्या, तेव्हा हिरड्या सुधारल्या, आईला बाळाला काही अपाय झाला नाही, पण कमी दिवसांच्या बाळंतपणांचं प्रमाण उतरलं नाही. म्हणून मी कुणाला भीती घालत नाही. हिरड्या साफ कर, त्या तुझ्या आहेत म्हणून. एवढं कारण पुरे असावं, पण आमच्या बायकांना स्वतःसाठी दवाखान्यात जायला बाळाचं निमित्त लागतं, हेही मला कळतं.

आता मिसरीबद्दल, म्हणजे दातांना लावायच्या भाजक्या तंबाखूबद्दल. माझ्या सासूबाईंचं माहेर निपाणीच्या बाजूचं. तिकडं तंबाखू म्हणजे व्यसन नव्हे, शेत आहे, वखारीतला रोजगार आहे, पोरीच्या लग्नाचा पैसा आहे. १९८१ सालच्या तंबाखू आंदोलनात शरद जोशींच्या मागं शेतकऱ्यांनी निपाणीला महामार्ग अडवून धरला होता आणि पोलिसांच्या गोळीबारात १२ शेतकरी गेले. आंदोलकांना ज्या घरांतून भाकऱ्या बांधून जात, त्यांत सासूबाईंचं माहेर होतं. तेव्हा तंबाखू वाईट असं त्यांना सांगायला जाणं म्हणजे माझीच परीक्षा. त्या तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजतात, घरभर खोकला, मग चुरून डबीत. सकाळी उठल्या की मिसरी. "मिसरीबगर परसाकडंच होत न्हाई बग मला," हे त्यांचं शास्त्र, आणि त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही, निकोटिननं आतडी हलतात. अंगात अॅड्रेनलिन वाढतं, तरतरी येते. या तरतरीसाठीच तर ती हिरडीवर इतका वेळ धरून ठेवायची असते.

पण त्याच जागी हिरडी मागं सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं. शिवाय निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. विडी-सिगरेट ओढणाऱ्यांत हे स्पष्ट दिसतं: आतून हाड झिजत असतं आणि रक्त मात्र फारसं येत नाही. म्हणजे कागाळी करणाऱ्याचंच तोंड दाबायचं. मिसरीनं हिरड्या घट्ट होतात असं बायका म्हणतात ते यातूनच आलं असावं. गरोदर बाई ही मिसरी लावते तेव्हा ती एकटीच्या हिरडीवर राहत नाही. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा एक अभ्यास झाला होता, २००४ साली छापलेला. न ओढता वापरायची तंबाखू, त्यात मिसरीही आली, वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली. आपल्याकडं अडीच किलोच्या काठावर हेलकावे खाणाऱ्या बाळांसाठी १०५ ग्रॅम ही थोडी गोष्ट नव्हे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ सालीच सरकारनं बंदी केली, त्यामुळे माझ्या दुकानात ते येत नाही. घरच्या तव्याला कोण बंदी करणार?

हा सगळा बायकांचाच विषय आहे असं वाटत असेल तर शुगरकडे बघा. इन्शुलिन हे हार्मोनच आहे, हे सांगितलं की पुरुष गिऱ्हाइकं चमकतात. हार्मोन म्हणजे बायकांचं काहीतरी, अशी त्यांची समजूत. आमच्या बेळगावचा कुंदा, मांडे, लग्नातल्या जिलब्या, उसाच्या पट्ट्यातलं गुऱ्हाळ, याला बळी पडायला स्त्री-पुरुष असा भेद नाही. साखर वाढलेली राहिली की जखमा भरत नाहीत, जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, तोंड कोरडं पडतं आणि हिरड्यांचं हाड झपाट्यानं झिजतं. याच लोएनं १९९३ साली हिरड्यांच्या रोगाला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटलं. डोळे, मूत्रपिंड, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा यांच्या पंक्तीत त्यानं हिरडीला पाट मांडला. पायाची जखम रोज बघा म्हणून सगळे बजावतात, आणि ते योग्यच. हिरडीची जखम कुणी मोजत नाही. वास्तविक सगळ्या दातांभोवतीची सुजलेली हिरडी एकत्र पसरली तर तो उघडा भाग चांगलाच मोठा असू शकतो. पायावर एवढी जखम असती तर माणूस सलाइन लावून पडला असता.

आणि हे दोन्ही बाजूंनी चालतं. हिरडीतल्या जुनाट सुजेतून निघणारी रसायनं रक्तात उतरतात आणि इन्शुलिनच्या कामात खोडा घालतात, त्यामुळे साखर आटोक्यात येत नाही. हिरड्यांची नीट खोलवर सफाई केली तर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (एचबीए१सी) साधारण ०.४ नं उतरतो, असं बऱ्याच चाचण्या एकत्र करून २०२२ साली मांडलेल्या आढाव्यात दिसलं. आठचा सात पूर्णांक सहा. ऐकायला कमी वाटतं, पण मी रोज ज्या गोळ्या विकते त्यातल्या काही महागड्या गोळ्यांची मजल याच्या फार पुढं नाही. हे मी माझ्या धंद्याविरुद्ध बोलते आहे, याची मला कल्पना आहे. गोळी सोडायची नाही, हेही त्याच दमात सांगते.

थायरॉइडबद्दल थोडक्यात. लहान मुलाचं थायरॉइड कमी असेल तर दात उशिरा येतात, जीभ मोठी दिसते. शेजारच्या पोराचे आले आणि आपल्याचे का नाहीत म्हणून वर्षभर देवदेव करण्यापेक्षा डॉक्टरला विचारावं. मोठ्या माणसाचं थायरॉइड वाढलेलं आणि ताब्यात नसेल तर डेंटिस्टला आधी सांगावं, कारण बधिर करायच्या इंजेक्शनात बहुतेक वेळा अॅड्रेनलिन मिसळलेलं असतं आणि अशा माणसाचं हृदय त्यानं धडधडू शकतं. वयात येणाऱ्या मुलींच्या, मुलांच्याही, हिरड्या त्या दोन-तीन वर्षांत सुजतात, आणि नेमक्या त्याच वयात आई-बाप त्यांच्या दातांना तारा लावून घेतात. मग तारांचा दोष. आणि काळजीचं हार्मोन, कॉर्टिसॉल, त्याचा प्रताप तर पलटणीच्या गावात राहणाऱ्या आम्हाला ठाऊक असायला हवा. पहिल्या महायुद्धात खंदकात महिनोन्महिने पडलेल्या सैनिकांच्या हिरड्या अक्षरशः सडत, त्या रोगाला इंग्रजीत खंदकाचंच नाव पडलं. भीती, जागरण, तंबाखू, निकृष्ट खाणं आणि न घासलेले दात, सगळं एका जागी. हल्ली परीक्षेच्या महिन्यात कॉलेजची पोरं तोंड आल्याचं जेल न्यायला येतात तेव्हा मला ते खंदक आठवतात.

माझी स्वतःची पाळी थांबली त्याच्या पुढच्या वर्षी माझी जीभ पेटली. याला दुसरा शब्द नाही. सकाळी ठीक, दुपारी चरचर, संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला गरम तव्याला जीभ लागल्यासारखं. आमच्या घरात ब्याडगीच्या लाल मिरचीशिवाय आमटीला आमटी म्हणत नाहीत, आणि मला साधं वरण झोंबू लागलं. आरशात बघितलं तर जीभ गुलाबी, स्वच्छ, काहीच नाही. नवऱ्याला दाखवली तर म्हणाला, छान आहे की. दुकानातलं प्रत्येक जेल मी लावून पाहिलं. मग शिस्तीत तपासण्या केल्या: बी-१२, लोह, थायरॉइड, साखर, तोंडातली बुरशी. शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ उतरू शकतं आणि त्यानंही जीभ जळते, हे मी गिऱ्हाइकांना सांगत आले होते. माझं काहीच उतरलेलं नव्हतं.

याला जळजळत्या तोंडाचा विकार म्हणतात आणि तो जास्त करून पाळी गेलेल्या बायकांनाच होतो. चवीच्या आणि वेदनेच्या नसांचा ताळमेळ चुकतो असं समजतात. इस्ट्रोजेन ओसरल्यावर लाळ घट्ट होते, तोंडाची त्वचा पातळ होते, जबड्याचं हाडही बाकीच्या हाडांसारखंच विरळ होतं. पण इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या की ही जळजळ जाते असं खात्रीनं दिसलेलं नाही, म्हणून त्या वाटेला मी गेले नाही. मला फरक पडला तो आधी या गोष्टीनं, की मुखरोगाच्या डॉक्टरबाईंनी "हे खरं आहे, तुमच्या मनाचे खेळ नाहीत" असं सांगितलं. त्यानंतर पुदिन्याची झणझणीत पेस्ट बदलली, दुकानात पाण्याची बाटली जवळ ठेवली, साखर नसलेलं च्युइंगम चघळायला लागले (काउंटरवर हे शोभत नाही, असं नवरा म्हणतो), आणि नसांची एक बारीक गोळी काही महिने घेतली. आता महिन्यातले बरेच दिवस बरे जातात. पूर्ण गेलं असं म्हणणार नाही.

आमच्या भिशीत मी हे बोलून दाखवलं तेव्हा चार जणी एकदम बोलायला लागल्या. एकीला रात्री पाणी प्यायला उठावं लागतं, जीभ टाळूला चिकटते. एकीची कवळी बसेनाशी झालीय. एकीचे दात धड असून हलायला लागलेत. गरम वाफा, घाम, चिडचिड यांवर आता बायका मोकळेपणी बोलतात, तोंडावर कुणी बोलत नाही, कारण दात म्हातारपणी जायचेच असं सगळ्यांनी धरून ठेवलंय.

गेल्या पावसाळ्यात सासूबाई अंगणात घसरल्या. मनगट मोडलं, आणि तपासणीत हाडं ठिसूळ निघाली. वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं हाडांचं इंजेक्शन लिहून मिळालं. ती चिठ्ठी माझ्याच काउंटरवर आली म्हणून बरं, कारण सासूबाईंची एक दाढ बरेच दिवस हलत होती, हे हाडांच्या डॉक्टरला कुणी सांगितलं नव्हतं. हाडांची झीज थांबवणारी ही औषधं घेतल्यावर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडंच राहतं. हाडं ठिसूळ म्हणून औषध घेणाऱ्यांत हे फार दुर्मीळ, पण टाळता येण्यासारखं असताना ओढवून का घ्यायचं? काढायचा दात आधी काढावा, जखम भरू द्यावी, मग इंजेक्शन.

बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत, एक केएलईचं आणि एक मराठा मंडळाचं. चंदगड, गडहिंग्लजपासून पेशंट इकडं येतात, सीमा दाताला आड येत नाही. त्यांतल्या एका ओपीडीत सासूबाईंना नेलं. कन्नड बोलणारा एक विद्यार्थी फॉर्म भरायला बसला. शुगर आहे का, बीपी आहे का, थायरॉइड, कुठल्या गोळ्या, बाळंतपणं किती, पाळी कितव्या वर्षी गेली. तो कन्नडमधून विचारत होता, या मराठीतून उत्तरं देत होत्या, दोघांचं बरं चाललं होतं. पाळीच्या प्रश्नावर मात्र त्या माझ्याकडे वळल्या. "दाढ एक काढायचीय, आणि ह्यो सगळा इतिहास मागायलाय बग." मला त्या पोराच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. इतकी वर्षं कुणी हे सगळं एका कागदावर लिहिलेलं मी बघितलं नव्हतं.

दाढ निघाली. जखम भरेपर्यंत मिसरी बंद, हे त्या विद्यार्थ्यानं दोन्ही भाषांत बजावलं आणि सासूबाईंनी दोन्ही भाषांत हो म्हटलं. दोन-चार दिवस गेले असतील, सकाळी स्वयंपाकघरातून तव्याचा ओळखीचा वास आला आणि पाठोपाठ खोकला. मी खिडक्या उघडल्या आणि हाडांच्या डॉक्टरना फोन करून इंजेक्शनची तारीख आणखी पुढं ढकलून घेतली.